सरोजाचा शुक्रवार

मंडळी, तासाभरापूर्वी आलेला एक फोन डोक्यातून जात नाहीये.

इथे आखातात, अल् खुवैरला मी दर शुक्रवारी घरकाम करणाऱ्या बायकांना फुकट इंग्रजी शिकवते. आज सरोजाला "मला शुक्रवारी सुट्टी हवी" हे इंग्रजीत म्हणायला शिकवलं. तिने कामाच्या घरी जाऊन ते खरंच म्हटलं. लगेच तिच्या मॅडमचा मला फोन. "अगं, सामानाची यादी वाचता आली तरी बास होतं. हे काय भरवतेस तिच्या डोक्यात? तिचा क्लास खलास!"

शी! किळस आली.

या मॅडम आपल्याच ग्रुपमध्ये आहेत. गेल्याच आठवड्यात त्यांनी इथे लिहिलं होतं, "ह्यांचा मालक, तो अर्बाब, शुक्रवारच्या सुट्टीलाही कामाला बोलावतो. हे माणूस आहेत की मशीन?" आपण सगळ्यांनी रडके इमोजी टाकले होते. मीसुद्धा.

ताई, वाचताय ना? सरोजासाठी कुठला इमोजी टाकू?