चिमण्यांची पोटं

आज शेजारी दार रंगवून राहिले, तर टर्पेंटाइनचा वास खिडकीतून आत आला आणि पाळण्यावर टांगायचं चिमणाळं रंगवलं ते दिवस आठवले. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणून मी बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून लाकडी चिमण्या आणल्या होत्या. कारखान्यात जन्मभर गाड्यांना एकच हिरवा रंग मारलेला माझा हात गुलाबी लावताना रेषेबाहेर जायचा. सगळं रंगवून टांगलं आणि सहज खाली चटईवर आडवा झालो, तर चिमण्या कोऱ्याच दिसल्या. मी पाठी रंगवल्या होत्या, आणि बाळाला तर पोटंच दिसणार! उतरवून पुन्हा बसलो, एकेका पोटावर बारीक फुलं काढली. रंग ओला होता तोच लेकीचा फोन आला. "बाबा, मी इकडे सासरीच राहून जाते. आई असती तर आले असते. तुम्ही एकटे काय काय कराल?" मी म्हणालो, "अच्छा, चलो, ठीक आहे. तब्येत सांभाळ." चिमण्यांचं बोललोच नाही. नातू आता शाळेत जातो. चिमणाळं माझ्याच खाटेवर टांगलेलं आहे. दुपारी पडलो की पंख्याच्या वाऱ्यानं हळूहळू फिरतं. पोटांवरची फुलं खालून खरंच छान दिसतात.