चौथं बोट

अनुपमा परब माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे आणि माझी शिक्षिका आहे. या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळणं सोपं नाही. तासाला ती मला "वसुधाताई, मनगट खाली" म्हणून दटावते, आणि तास संपला की "अगं, वेळेवर जेवत जा" म्हणून मी तिला दटावते. मी एकतीस वर्षं महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे काढली. अर्ज पुरता आत सरकायच्या आधी मला त्यातली चूक दिसायची. निवृत्त झाल्यावर सगळ्या नातेवाइकांनी एकमुखाने भजनी मंडळ सुचवलं. मी पियानो शिकायला लागले, मुख्यतः तो कुणीच सुचवला नव्हता म्हणून.

तिचं घर बोरिवलीला, आमच्याच सोसायटीच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. दारावर छोटी पाटी आहे, 'पियानो शिकवणी, सर्व वयांसाठी'. सर्व वयांत साठी येते का, असं मी बेल वाजवून विचारलं होतं. "येते की, पण रोज सराव करायला लागेल," ती म्हणाली आणि मला थेट पियानोसमोर बसवलं. चहासुद्धा विचारला नाही.

परबांची मुलगी पियानोपर्यंत कशी पोचली, हे लोक अजून विचारतात. तिचे वडील धाकू परब मालवणकडचे, लालबागच्या गिरणीत कामाला होते. ब्याऐंशीच्या संपात नोकरी गेली. वर्षभर घरी बसल्यावर धोबीतलावच्या एका वाद्यांच्या दुकानात त्यांना हमालीचं काम मिळालं. सहा माणसं, दोर, गोणपाट आणि जुन्या इमारतींचे वळणदार जिने. अनुपमा सकाळची शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन दुकानात जायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत कुठल्या ना कुठल्या पियानोची पांढरी पट्टी दाबून बघायची. मालकाची आत्या, एक वयस्कर पारशी बाई, आधी तिच्यावर खेकसली आणि मग तिला शिकवायला बसली, ती दहा वर्षं. पुढे अनुपमाने लंडनच्या संस्थेच्या पियानोच्या परीक्षा दिल्या, वीसेक वर्षं चर्चच्या गायकवृंदांना आणि बॅलेच्या वर्गांना साथ केली आणि मग घरीच शिकवायला लागली. लग्न केलं नाही. वडील शेवटपर्यंत तिच्याकडेच होते. उतारवयात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळून गेली होती, शर्टाची बटणं अनुपमा लावून द्यायची. डॉक्टरकडे चला म्हटलं की ते म्हणायचे, "काय नाय गो, वजनान असांच होता."

तिची शिकवायची पद्धत वेगळी आहे. पुस्तक नंतर, आधी तिच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसायचं आणि तिचा हात बघायचा. हात कसा पडतो, कुठलं बोट कुठे जातं, हे डोळ्यांत भरलं की मग आपण वाजवायचं. प्रत्येकाचा तास वेगळा, एका वेळी एकच विद्यार्थी. त्यामुळे आम्ही एकमेकांना जिन्यात भेटायचो, पण एकमेकांचं वाजवणं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

ते पाहायची वेळ दर्शनामुळे आली. दर्शनाची मुलगी गंधाली सोळा वर्षांची, दहिसरहून यायची, आणि तिची पियानोची मोठी परीक्षा महिन्यावर आली होती. लोकांसमोर तिचे हात थरथरतात, म्हणून सगळ्या विद्यार्थ्यांनी एका रविवारी एकमेकांसमोर वाजवावं, असा दर्शनाने हट्ट धरला. अनुपमाने तीन रविवार टाळलं. एकदा पाहुणे, एकदा डोकं दुखतंय, एकदा नुसतंच "नको गं". चौथ्या रविवारी तिच्याकडे कारण उरलं नाही.

आम्ही पाचजण आणि दर्शना दाटीवाटीने बसलो. आधी सात वर्षांच्या निहारने वाजवलं. मग कुंडलिक बसला. कुंडलिकचा साकीनाक्याला लेथवर लोखंडी भाग कातायचा कारखाना आहे. पियानोच्या पेडलची तुटलेली दांडी बनवून द्यायला आला होता, ती बसवली आणि स्वतःच शिकायला राहिला. त्यानंतर गंधाली. ती सुरेख वाजवत होती, पण मला काहीतरी खुपायला लागलं. खिडकीमागची जुनी सवय. निहारचा उजवा हात आठवला, कुंडलिकचा आठवला, आता हा गंधालीचा. तिघांचंही करंगळीशेजारचं बोट ताठ, वर उचललेलं, एकाही पट्टीला न लागणारं.

गंधाली थांबली तशी मी बोलून गेले, "अगं अनुपमा, हे काय गं? सगळ्यांचं चौथं बोट हवेत का?"

मग माझं लक्ष माझ्याच मांडीकडे गेलं. गंधालीबरोबर मी नकळत मांडीवर बोटं चालवत होते, आणि माझंही चौथं बोट वर होतं. मी ते घाईघाईने दाबून ठेवलं.

"स्टाईल असेल त्यांची," दर्शना म्हणाली. गंधाली मात्र समोरच्या कागदांवर वाकली होती. कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा ते आकडे, अंगठा एक ते करंगळी पाच, अनुपमा पेन्सिलने लिहून देते. गंधालीने एक पान उलटलं, दुसरं उलटलं. "टीचर, ह्यात चार कुठेच नाहीये," ती म्हणाली. "एक, दोन, तीन, पाच. पूर्ण पीसमध्ये चार नाहीये."

 अनुपमाने उजवा हात आमच्यासमोर धरला आणि मूठ मिटून उघडली. चार बोटं उघडली, चौथं मिटलेलंच राहिलं. डाव्या हाताने तिने ते ओढलं तेव्हा खट्ट असा आवाज झाला. निहार दचकला.

"वर्ष झालं," ती म्हणाली. "वाकवलं की अडकतं, म्हणून ताठ ठेवते. बाबांचं असंच झालं होतं. आधी एक, मग दुसरं. गंधालीची परीक्षा झाली की क्लास बंद करणार होते."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही."

"का?"

"दाखवलं की ते सांगणार ना, वसुधाताई."

मला तिचा भयंकर राग आला. आणि माझाही. वर्षभर ती उजव्या हाताने थोडंसंच वाजवून दाखवत होती, तळव्याला सतत अंगठ्याने चोळत होती, आणि मी दर मंगळवारी तिच्या शेजारी बसून तिला जेवणावरून सुनावत होते. लोकांच्या मरणाच्या तारखेतला एका दिवसाचा फरक पकडणारी मी, शेजारचा हात मला दिसला नव्हता.

गंधाली उठून उभी राहिली. "पण टीचर, मी चुकीचं वाजवतेय हे तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग?"

"दुरुस्त करायचं तर करून दाखवायला लागतं गं," अनुपमा म्हणाली. "ते मला येत नव्हतं."

"मला वाटलं ही ॲडव्हान्स्ड स्टाईल आहे! मी कॉलेजात सगळ्यांना दाखवत फिरले, यार!" तिचा आवाज चिरकला. तिने कागद पिशवीत कोंबले आणि ती निघून गेली. दर्शना मागोमाग धावली. जिन्यात चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि आम्ही सगळे तो ऐकत बसलो.

कुंडलिक तेवढा शांत होता. तो अनुपमाजवळ गेला, "बघू मॅडम" म्हणाला आणि तिच्या तळव्यावर, बोटाच्या मुळाशी, अंगठा दाबला. ती कळवळली. "गाठ लागते बघा इथे," तो म्हणाला, आणि त्याने स्वतःचा उजवा तळवा आमच्यासमोर केला. मधल्या बोटाच्या मुळाशी गव्हाच्या दाण्याएवढी पांढरी खूण होती. "माझं पण सेम झालेलं. हँडल फिरवून फिरवून. आमच्या गल्लीत चार जणांना झालंय. दहा मिनिटांचं ऑपरेशन असतं मॅडम, त्याला काय एवढं घाबरायचं? मला एका शब्दाने विचारलं असतं ना, तर वर्षापूर्वीच मोकळ्या झाला असता."

अनुपमा त्या खुणेकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं. पियानो वाजवणाऱ्या बाईचं दुखणं लेथवाल्याकडे सापडेल, हे तिच्या मनातही आलं नसेल. मी तिला विचारलंच नाही. कुंडलिककडून डॉक्टरांचा नंबर घेतला आणि बुधवारची वेळ ठरवून टाकली.

डॉक्टर सुलक्षणा पाटकर अंधेरीला बसतात, हाताच्या शस्त्रक्रियांच्या तज्ज्ञ. रिक्षात अनुपमा सारखी तळवा चोळत होती. डॉक्टरांनी बोट वाकवलं, सोडवलं, गाठ चाचपली. मग वडिलांबद्दल विचारलं. अनुपमाने खालमानेने सगळं सांगितलं.

"त्यांची बोटं दुसऱ्या हाताने ओढली तर सरळ व्हायची?"

"नाही. कधीच नाही."

"तुमचं होतंय. म्हणजे हे ते नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना काय होतं ते न बघता मी सांगू शकत नाही, पण हे ते नाही. बोटाची दोरी ज्या बोगद्यातून जाते, तो अरुंद झालाय. लवकर आला असता तर कदाचित इंजेक्शनवर भागलं असतं. आता एक छोटा छेद घेऊ. तुम्ही पुन्हा वाजवाल."

अनुपमाने त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. बाहेर आल्यावर ती फुटपाथच्या कडेला उभी राहून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "वसुधाताई, मला भूक लागलीय." समोरच्या ठेल्यावर तिने शेवपुरीच्या दोन प्लेट खाल्ल्या, वर माझ्यातली अर्धी. मी तिला खाताना बघत होते. मला इतकं हलकं वाटत होतं, की ठेलेवाल्याने सुट्टे परत द्यायला कटकट केली तरी मी त्याला एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळेल.

शस्त्रक्रिया पुढच्याच आठवड्यात झाली. भूल फक्त हाताला दिली होती. छेद घेतल्यावर डॉक्टर म्हणाल्या, मिटा, आता उघडा. बोट उघडलं. बाहेर आल्यावर पट्टीत गुंडाळलेला हात छातीशी धरून ती मला म्हणाली, "खट्ट झालंच नाही गं." ताई राहिलं बाजूला, 'गं' म्हणाली मला. मी ऐकून घेतलं.

निहारला त्याच्या आईने दुसऱ्या क्लासला घातलं, आणि खरं सांगायचं तर तिचंही चुकलं नाही. दर्शनाने गंधालीची परीक्षा पुढच्या सत्रावर ढकलली. गंधाली मात्र यायची बंद झाली. अनुपमाने तिला दोनदा मेसेज केला. ते वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. हात बरा होत होता, पण अनुपमाच्या तोंडी सारखी तीच, "ती येईल ना?" मी म्हणायचे, येईल. मला काहीच माहीत नव्हतं.

सहा आठवड्यांनी, एका रविवारी, मी आणि कुंडलिक तिच्याकडे गेलो. ती पहिल्यांदाच पूर्ण रचना वाजवून बघणार होती. आम्ही बसतोय तोच बेल वाजली. दारात गंधाली होती, तोंड फुगवलेलं, हातात फोन. ती आत आली, पण बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

"माझं चुकलं गंधाली," अनुपमा म्हणाली. "तुला सांगायला हवं होतं. मी घाबरले होते."

गंधालीने खांदे उडवले. अनुपमा पियानोकडे वळली आणि वाजवायला लागली. संथ, सरळ अशी रचना होती. वर्षभरात मी तिला एवढं सलग वाजवताना ऐकलं नव्हतं. पाचही बोटं खाली होती. मध्ये एका जागी सूर उमटलाच नाही, पुढे एक फारच हळू लागला, पण ती थांबली नाही. संपेपर्यंत मी डोळे पुसत होते आणि कुंडलिक खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करत होता.

गंधाली भिंतीपासून पुढे आली.

"टीचर, चौथं बोट कच्चं आहे," ती म्हणाली.

अनुपमाने वळून तिच्याकडे बघितलं आणि ती हसायला लागली. इतकी हसली की तिला पट्ट्यांवर हात टेकावा लागला आणि पियानो भलताच वाजला. "कच्चं आहे," ती म्हणाली. "हो गं. कच्चंच आहे."

"रोज वीस मिनिटं करायला लागेल. सावकाश."

"करते."

गंधालीने स्टूल ओढलं, अनुपमाच्या डाव्या बाजूला बसली, आणि तिच्यासमोर अनुपमाने अगदी पहिल्या धड्यापासून वाजवायला सुरुवात केली.