गोलिनची साक्ष

गोलिन यॉन्सडॉटर १९३४ साली स्वीडनमधल्या येम्टलंड प्रांताच्या कोर्टात साक्षीला उभी राहिली तेव्हा एक्क्याण्णव वर्षांची होती आणि कानांनी ठणठणीत. साठ उन्हाळे तिने डोंगरावरच्या जंगलातल्या कुरणात काढले होते. पहाटे धारा, मग चीज, संध्याकाळी हाळी घालून गाई गोळा करणं. आता ते जंगल एका लाकूड कंपनीने घेतलं होतं आणि गुरांना मनाई केली होती. कुरण गेलं तर तिच्या नातवाला, हाल्वारला, निम्मी गुरं विकावी लागणार होती.

गावाच्या वकिलाने जुन्या कायद्यातून ‘ऊरमिन्नेस हेव्द’ शोधून काढलं. म्हणजे आठवणीपलीकडची वहिवाट. कागदपत्रं नव्हती त्या काळी म्हाताऱ्यांची आठवण हाच दस्तऐवज. वहिवाट कशी सुरू झाली हे कुणालाच, अगदी ऐकीवसुद्धा, ठाऊक नसेल तर हक्क पक्का. गावाने सरळ विचार केला, जितकं म्हातारं माणूस तितकी भक्कम साक्ष. गोलिनला काय आठवतं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. ही माणसं एरवीही हवापाण्यापलीकडे फारसं बोलत नाहीत.

बायबलवर हात ठेवून तिने शपथ घेतली.

“आजीबाई, गुरं वर कधीपासून जातात?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मला कळायला लागलं त्याच्या आधीपासून.”

हाल्वारचा जीव भांड्यात पडला.

“कुणाच्या परवानगीने, काही ऐकलंय?”

प्रश्नाची मेख तिला कळली. तिने नातवाकडे पाहिलं, पण हात अजून बायबलवरच होता.

“ऐकलं कशाला, पाहिलंय. मी सहा वर्षांची असेन. माझी आजी दर शरदात जंगलाच्या मालकाला चीज नेऊन द्यायची. तो तुकडा तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, ‘बरं, पुढच्या उन्हाळ्यातही या.’”

मालकाच्या परवानगीने सुरू असलेली वहिवाट हक्क ठरत नाही; गावाचा दावा तिथेच फेटाळला गेला.

परतताना घोडागाडीत हाल्वार लगाम धरून बसला होता. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, “आजी, ‘आठवत नाही’ म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“आठवतं ना रे, बाबा.” थोडं थांबून ती म्हणाली, “गेल्या हिवाळ्यात मी डोळे मिटले असते, तर तुझ्या गाई कुरणावर गेल्या असत्या.”

असं बोलू नकोस, म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण ती बोलली ते कायद्याने खरं होतं. तो तिच्याजवळ सरकून बसला.