पंगतीच्या दारातली सोजरबाई

सोजरबाईची नक्कल येत नाही असा पोरगा वाशीमच्या त्या बोर्डिंगात नव्हता. कमरेवर हात, मान जराशी वाकडी अन् फुटक्या परातीसारखा आवाज: "पयले नवा, मंग बाकीचे! काहून रे, पोट पळून चाललं काय तुयं?" सारी पंगत हसायची, तीही हसायची. पण नव्या पोराच्या ताटात दोन भाकरी पडेस्तोवर दारातून तसूभर हलायची नाही.

आधी ती अशी नव्हती.

आसेगावची ही बाई नवरा गेल्यावर बोर्डिंगात भाकरी थापायला आली. जुनी पोरं नव्याला पंगतीच्या दारात अडवतात, काहीबाही बोलायला लावतात, हे पाहून तिला आपलं लग्न आठवलं. सासरी तिलाही उंबऱ्यात अडवलं होतं. तिनं लाजत लाजत नाव घेतलं, बाया खिदळल्या अन् ती त्या घरची झाली. पोरांचंही तसंच असेल, तिला वाटलं.

अडतीस सालच्या जूनमध्ये पोहरादेवीकडच्या बंजारा तांड्यावरून धनसिंग आला. तांड्यातून शिकायला बाहेर पडलेला पहिलाच. दौलत नावाच्या दांडग्या पोरानं दारात पाय आडवा घातला.

"मायले कशी हाक मारतं रे तू? मारून दाखव, मंग जेव."

धनसिंगनं मान खाली घातली. चुलीपासून सोजरबाईच ओरडली, "मार ना बाबू! लाजतं काहून? भाकर थंडी होऊन राह्यली."

"याडी," तो हळूच म्हणाला.

पंगतीत हशा फुटला. कोणी बकरीच्या आवाजात, कोणी रडक्या लेकरागत, "याडीऽ! याडीऽ!" सोजरबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी ताट वाढलेलं राहिलं; धनसिंगची वळकटी जागेवर नव्हती.

पुढच्या रामनवमीच्या यात्रेला सोजरबाई पोहरादेवीला गेली अन् विचारत विचारत तांड्यावर पोचली. धनसिंगची आई जमनाबाई हिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं, भाकर वाढली.

"लेकरू आता मले हाकच मारत नाई, बाई. समोर येऊन उभं राह्यते नुसतं. काय झालं तिथं?"

सोजरबाईचा घास हातातच राहिला. तेवढ्यात ढोरं घेऊन धनसिंग आला.

"चाल बाबू वापस. मी सोता दारात उभी राहीन. कोनी काही बोलनार नाई."

त्यानं वरही पाहिलं नाही. "तुमीबी हासल्या," म्हणाला अन् ढोरं बांधायला गेला.

तो परत आला नाही. सोजरबाई मात्र पुढची आठ वर्षं दारात उभी राहिली. नव्या पोराला वाढताना ती वाकायची अन् त्याच्या कानाशी म्हणायची, "घरची हाक घरालेच ठेव, बाबू. इथं कोनाले देऊ नोको."

हे प्रत्येकानं एकदा ऐकलेलं होतं. याची नक्कल कोणी केली नाही.