दोन रिंग, कट, आणि पुन्हा

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. आयुष्यभर मशीन दुरुस्त केल्या. वस्तू बिघडते ती कारणानेच बिघडते आणि कारण शोधलं की सापडतं, हा माझा धर्म. तरीही आज लिहितोय, कारण परवा मुलाने घरात एक उद्योग केला.

त्याने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला, साफ केला आणि इंटरनेटची वायर घरात येते तिथे मधोमध बसवला. म्हणाला, "बाबा, ही फायरवॉल. आता आपण परवानगी दिल्याशिवाय बाहेरचं काहीही आत येणार नाही." मोठ्या कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, आधी ते बंद कर. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला समजलं नाही.

मला चांगलं समजलं होतं. हेच मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी केलं होतं... फोनच्या तारेवर.

आम्ही तेव्हा रामदासपेठेत भाड्याने राहायचो. तळमजला, दोन खोल्या आणि हॉल. मी, माझी बायको सुनंदा आणि माझे वडील. सुनंदा शाळेत शिकवायची. बाबा सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, त्यांना हृदयाचा त्रास. म्हणूनच खटपट करून, वर्षानुवर्षं वाट बघून फोन घेतला होता. आणि नशीब असं, की आमच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे केले की धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्याचा नंबर व्हायचा. झालं! काटोल, वरूड, उमरेड, कुठून कुठून लोक तिथे पेशंट आणायचे आणि त्यांच्या घरचे फोन आमच्याकडे यायचे. दिवसाला दहा-पंधरा. हॅलो म्हणायच्या आत समोरून, "आमच्या माणसाचं ऑपरेशन झालं का जी?"

बाबा प्रत्येक फोनला उठायचे. डॉक्टरांनी धावपळ करू नका म्हणून बजावलेलं, पण घंटी वाजली की हे खुर्चीतून उठलेच. समोरच्याला शांत करून बरोबर नंबर सांगायचे, दोनदा म्हणवून घ्यायचे, वर धीरही द्यायचे. मी चिडलो की म्हणायचे, "काहून चिडून राहिला रे? त्याचा जीव तिकडं टांगला आहे. दोन शब्द बोलायले आपलं काय जाते?"

मला मात्र त्यांच्या छातीची काळजी. मी त्या लोकांवर मनापासून वैतागलो होतो.

उन्हाळ्यातली दुपार होती. बाबांना रात्रभर झोप नव्हती, तेव्हा कुठे डोळा लागला होता. फोन वाजला. आधी ऑपरेटर बोलली, कळमेश्वरहून ट्रंक कॉल आहे म्हणून. मग एका बाईचा आवाज. वयस्कर, दमलेला.

"भाऊ, सात नंबरच्या खाटेवर आमचा माणूस आहे. कळमेश्वरचे. कसे आहेत जी? मी येऊ का?"

राँग नंबर आहे म्हटलं असतं तर तिने पुन्हा कॉल बुक केला असता, आणि तो पुन्हा आमच्याकडेच आला असता. बाबा कूस बदलत होते. मी आवाज खाली करून म्हणालो, "पेशंट बरा आहे. तुम्ही यायची काही गरज नाही."

"बरं आहेत ना? मग नाही येत जी. देव तुमचं भलं करो."

मी फोन ठेवला. तेव्हा वाईट वगैरे काही वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. वाटलं होतं. पण संध्याकाळपर्यंत विसरलो.

पुढच्या दोन रविवारी मी ती मशीन बनवली. ऑफिसातून भंगारात काढलेला एक छोटा कॉम्प्युटर मला फुकट मिळाला होता. प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचा आणि जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही स्क्रीन म्हणून जोडायचा, असला प्रकार. फोनच्या तारा घरात येतात तिथे तो मधे बसवला आणि घंटी त्याच्या ताब्यात दिली. फोन आला की घंटी वाजवायची की नाही, हे कॉम्प्युटर ठरवणार. नियम एकच, जो तेव्हा घरोघरी खुणेसाठी वापरत. दोन रिंग द्यायच्या, कट करायचं, लगेच पुन्हा लावायचा. अशी खूण करणाऱ्याचीच घंटी घरात वाजेल. बाकीच्यांना बाहेर रिंग ऐकू येत राहील आणि घरात चिडीचूप. प्रत्येक फोनची वेळ स्क्रीनवर उमटायची, पुढे "सोडला" किंवा "अडवला". टेलिफोन खात्याला कळलं असतं तर लाइनच कापली असती.

खूण फक्त चार ठिकाणी सांगितली. सुनंदाची शाळा, तिची बहीण, माझं ऑफिस, बाबांचे एक मित्र.

बाबांना ते मुळीच पटलं नाही. "माणसानं फोन करावा अन् मशीननं ठरवावं होय? चांगलं आहे बाबा तुझं." पण घर शांत झालं. स्क्रीनवर "अडवला, अडवला" अशी रांग बघून मला गुदगुल्या व्हायच्या.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी सव्वातीनला, घंटी वाजली. माझी सुट्टी होती. मला वाटलं सुनंदा असेल. उचलला.

"भाऊ, आता येऊ का जी?"

ऑपरेटर नाही, खरखर नाही. बाजूच्या खोलीतून बोलावं तसा स्पष्ट आवाज. मी ओळखला. ओळखायला एक क्षणही लागला नाही. काही न बोलता मी रिसीव्हर ठेवला आणि स्क्रीनकडे बघितलं. सकाळी मेहुणीचा फोन आला होता, त्याची नोंद होती. त्यानंतर काहीच नाही. "सोडला" नाही, "अडवला" नाही. मशीनच्या हिशेबी फोन आलाच नव्हता.

पहिला विचार अर्थातच बिघाडाचा. सगळे जोड तपासले, प्रोग्राम पुन्हा चढवला, शेजारच्या दुकानातून स्वतः फोन लावून पाहिला. खूण केली की वाजत होता, नाही केली की नाही. मशीन चोख होती. बरं, खूण बाहेर फुटली म्हणावं, तर तेव्हा कळमेश्वरहून ट्रंक कॉल बुक करून बसावं लागे. दोन रिंग देऊन कापणं त्यात जमणारंच नव्हतं.

तरी मी खूण बदलली. नवी कोणालाच सांगितली नाही, सुनंदालाही नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून जेवायला घरी आलो. घंटी वाजली.

"भाऊ, येऊ का जी मी आता?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी इतका घाबरलो नसतो. अगदी अजीजीने विचारत होती, जणू माझ्या परवानगीवाचून तिचं पाऊल अडलं होतं. मी रिसीव्हर खाली ठेवला. बाबा आतून म्हणाले, "कोण आहे रे?" मी म्हटलं, "राँग नंबर." "मग बरोबर नंबर सांग ना त्याले," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी धंतोलीला त्या दवाखान्यात गेलो. रिसेप्शनवरच्या क्लार्कला विचारलं, महिन्याभरापूर्वी सात नंबरच्या खाटेवर कळमेश्वरचे कोणी होते, ते कसे आहेत?

"ते तर गेले ना साहेब," तो म्हणाला. "सकाळपासूनच सिरियस होते. संध्याकाळी गेले. जवळ कोणीच नव्हतं. बायको दुसऱ्या दिवशी आली. म्हणे, फोनवर बरं आहे सांगतलं, म्हणून नाही आली. आम्ही कोणीच नाही सांगतलं साहेब. रडली नाही, भांडली नाही. फक्त विचारून राहिली होती, फोनवर कोण होतं म्हणून."

मी तिथल्या बाकावर बसलो ते बराच वेळ उठलोच नाही.

घरी येऊन मी काय करायला हवं होतं, हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा मी काय केलं? प्रोग्राममधला नियमच काढून टाकला. खूण वगैरे काही नाही, आता कोणालाच आत सोडायचं नाही. घंटी कायमची बंद. सुनंदा कुरकुरली तर तिला सांगितलं, दुरुस्ती चालू आहे. चार-पाच दिवस शांततेत गेले. मी मात्र हॉलमध्ये एकटा बसत नव्हतो. दिवसाढवळ्या घरात शिरायची धास्ती वाटायची.

आणि मग बाबांना झटका आला. सकाळी चहा घेताना. शेजाऱ्यांच्या गाडीतून जो सगळ्यात जवळचा दवाखाना होता तिथे नेलं, म्हणजे तिथेच. फॉर्म भरला, त्यावर फोन नंबर लिहिला. हाच तो दोन आकडे उलटे असलेला नंबर. घंटी आपणच बंद करून ठेवली आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्या धावपळीत कोणाच्या येईल?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते बरे होते. आत कोणाला बसू देत नव्हते. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या. सुनंदा शाळेत. मी घरी आलो, आंघोळ केली, आणि रात्रभर जागा असल्याने पलंगावर आडवा झालो तो झोपलो.

घंटीने जागा झालो.

हॉलमध्ये फोन वाजत होता. वाजूच शकत नव्हता तो. मी दारात उभा राहून बघत राहिलो. उचलायचा नाही, असंच ठरवलं होतं, देवाशपथ. पण तो थांबेना. शेवटी उचलला आणि डोळे मिटून घेतले. आता ती विचारेल, येऊ का जी...

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही निघा. आता निघा जी."

कशी स्कूटर काढली, आठवत नाही. पायात चप्पल नव्हती. दवाखान्यात तोच क्लार्क जिन्यात भेटला. "कुठे होता साहेब? तासभरापासून फोन लावून राहिलो, कोणी उचलूनच नाही राहिलं!" मी त्याला ढकलून आत गेलो.

बाबांचे डोळे उघडे होते. "आला का रे," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरला. त्यानंतर ते काही बोलले नाहीत, पण हात सोडला नाही. अर्धा तास असेल. मग गेले.

सगळं उरकून रात्री उशिरा हॉलमध्ये आलो तेव्हा टीव्हीचा स्क्रीन तसाच चालू होता. दुपारी दोनपासून तीनपर्यंत अकरा नोंदी. अकराही पुढे "अडवला". ते दवाखान्याचे फोन. माझ्या बापाचा शेवटचा निरोप अकरा वेळा दाराशी आला आणि मी बसवलेल्या मशीनने तो परत पाठवला. ज्या एका फोनने मला उठवलं, त्याची नोंद नव्हती.

मशीन त्याच रात्री काढली. तो फोन नंतरही बरीच वर्षं आमच्याकडे होता. राँग नंबर येतच राहिले, मी प्रत्येकाला उभं राहून बरोबर नंबर सांगितला, दोनदा म्हणवून घेतला. तिचा फोन परत आला नाही.

ती बाई तेव्हा जिवंत होती की नव्हती, हेसुद्धा मला माहीत नाही. कळमेश्वर किती लांब? बसने तासाभराचा रस्ता. शोधलं असतं तर घर सापडलं असतं. इतक्या वर्षांत माझी हिंमत झाली नाही. सुनंदालाही हे सगळं ती आज हे वाचेल तेव्हाच कळेल. माझ्याकडे कशाचंच स्पष्टीकरण नाही, आणि मी आता शोधतही नाही.

एकच गोष्ट सोडत नाही. तिने मला तीनदा विचारलं, येऊ का म्हणून. पहिल्यांदा मी नको म्हणालो, नंतर दोनदा गप्प बसलो. "या" असं मी तिला एकदाही म्हटलं नाही.