मनोहरचं हॉटेल मनोहरमुळे जळलं नाही

फोन आला तेव्हा मी लायब्ररीची पुस्तकं परत करायला निघालो होतो. मनोहरचा मुलगा अमित बोलत होता. "काका, बाबा पास्ड अवे. धिस मॉर्निंग." मी "आलोच" म्हणालो आणि किल्ली हातात धरून कितीतरी वेळ गॅरेजमध्येच बसून राहिलो. त्याला आता पाच आठवडे झाले. आमच्या मराठी मंडळाच्या अंकात दोघा-तिघांनी त्याच्यावर मायेनं लिहिलं, पण प्रत्येकानं एक वाक्य न चुकता घातलं: माणूस मोठा दिलदार, फक्त हॉटेल चालवायला लागते ती शिस्त नव्हती, म्हणून ते जळालं. हे खरं नाही. का खरं नाही, हे इतकी वर्षं फक्त मला ठाऊक होतं.

आम्ही पुण्यात इंजिनिअरिंगला एका खोलीत राहिलो, वर्षाच्या अंतरानं अमेरिकेत आलो आणि न्यू जर्सीत पुलांची कामं करत म्हातारे व्हायला लागलो. पन्नाशी उलटल्यावर मनोहरनं नोकरी सोडली आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरमाथ्यावरचं जुनं हॉटेल घेतलं. चार मजली, अख्खं लाकडी. एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं ते शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बांधलेलं, शहरातल्या उकाड्यातून पळून येणाऱ्यांसाठी. खालच्या स्टेशनवरून पाहुणे घोडागाडीनं वर यायचे, मोठाल्या ट्रंका घेऊन, महिना-महिना राहायचे. मग मोटारी आल्या आणि लोक डोंगर ओलांडून पुढे जायला लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे जखमी सैनिक ठेवले, त्यानंतर बरीच वर्षं कुलूप. त्या वर्षांत साळिंदरांनी व्हरांड्याचे खांब कुरतडले होते, ते मनोहरनं एकेक करून बदलले. माळ्यावर त्याला पाहुण्यांची जुनी नोंदवही सापडली, तेव्हापासून तो त्या लोकांच्या नातवंडांना पत्रं लिहायचा, गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचा. नाश्त्याच्या वेळी पोह्यांचा डाव हातात धरून कुठल्या खोलीत कोण राहून गेलं ते सांगत बसायचा. नलूवहिनी, त्याची बायको, म्हणायची, "अहो, लोकांना इतिहास शिळा चालतो, पोहे नाही चालत!"

लाँग वीकेंडला आपलीच मंडळी तिथे जास्त. मुंजी झाल्या, डोहाळजेवणं झाली. माझी साठीशांत तिथेच केली. होम हिरवळीवर करायचा ठरला होता, पण वाऱ्यानं अग्नी टिकेना. गुरुजी म्हणाले, आत घ्या. मनोहर तयार नव्हता. "श्र्या, लाकडाचं घर आहे रे. थांबू या थोडं." मीच हट्ट केला. "तासाभराचा तर होम! घरी नाही का करत आपण?" घरी आपण काय करतो ते इथल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे: छतावरच्या स्मोक डिटेक्टरला बाथरूममधली प्लास्टिकची शॉवर कॅप बांधतो, धूर झाला की अलार्म वाजायला नको म्हणून. मनोहर खुर्च्या हलवत होता. मी स्टुलावर चढून चार कॅपा बांधल्या, तीन हॉलमध्ये आणि एक मागच्या कॉरिडॉरमध्ये, लाँड्रीच्या दाराशी. जेवणं झाल्यावर हॉलमधल्या तीन काढल्या. चौथीकडे निघालो तर कुणीतरी ओरडलं, "अहो उत्सवमूर्ती, फोटोला या!" ... आणि मी फोटोला गेलो.

अकरा दिवसांनी, भर दुपारी, लाँड्रीतल्या ड्रायरनं पेट घेतला. कॉरिडॉरमधला अलार्म वाजलाच नाही. स्वयंपाकघरात धूर दिसेपर्यंत आग भिंतींच्या आत शिरली होती. माणसं सगळी वाचली. हॉटेलची फक्त विटांची धुराडी उभी राहिली. तपासणीला आलेल्या माणसाला राखेतल्या डिटेक्टरवर शॉवर कॅपचं वितळलेलं प्लास्टिक सापडलं. मनोहरनं मला फोन केला. "श्र्या, कॉरिडॉरमधली कॅप तू लावलीस की मी? मला काही केल्या आठवत नाही रे." आवाजात संशय अजिबात नव्हता. मी म्हणालो, "तिकडे मी गेलोच नव्हतो." तो म्हणाला, "मग मीच लावली असणार..." आणि तसंच त्यानं तपासणीवाल्यांना लिहून दिलं. मला भीती कसली होती, ते आज नीट सांगताही येत नाही. मी त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष होतो. एवढंच कारण असेल तर ते फार लहान आहे. नंतर लोक त्याला बेफिकीर म्हणायचे, तेव्हा मी समोर बसलेला असायचो.

न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला मुलाकडे राहायला आल्यावर मनोहरनं हॉटेलचा इतिहास लिहून काढला. गेल्या हिवाळ्यात टाइप केलेली पानं मला दिली. "इंग्रजीचं सोड, फॅक्ट्स तपास." शेवटचं प्रकरण पानभराचं होतं: मालकानं स्वतः डिटेक्टर झाकला आणि तो विसरला. मी स्टेशनच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त केलं, दोन स्वल्पविराम घातले आणि खाली 'उत्तम' लिहिलं. आता त्या इतिहासाची प्रत हॉटेलच्या डोंगराखालच्या गावच्या लायब्ररीत आहे. मी फोन केला. तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, लेखकाचा मजकूर बदलता येत नाही, तुमचं पत्र आलं तर सोबत ठेवू. पत्र पाठवलंय. कोण वाचणार आहे?

मागच्या आठवड्यात नलूवहिनीकडे गेलो. फ्रिजवर मनोहरच्या अक्षरातला एक कागद होता. वर गॅस, इस्त्री, ड्रायर, मागचं दार, आणि खाली रोजची एकेक ओळ चौकोनांची. हे काय, असं मी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक नाही? आगीनंतर सुरू झालं. बघायचे, खूण करायचे, परत जाऊन बघायचे. लग्नाला निघालो तर अर्ध्या वाटेतून गाडी वळवायचे. म्हणायचे, नलू, माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही."

मग मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. टेबलावरचा हात तिनं काढून मांडीवर घेतला. एवढंच म्हणाली, "एकवीस वर्षं, भावजी?" ती उठली, फ्रिजवरचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "हा तुम्ही न्या. मला नाही आता बघवणार."

कागद माझ्या टेबलावर आहे. प्रत्येक चौकोनात दोन खुणा आहेत, एकीवर दुसरी, पेन्सिल कागदात रुतलेली. शेवटची ओळ तो गेला त्या सकाळची: गॅसच्या चौकोनात एकच खूण, बाकीचे कोरे.