चमेलीबाईचे चढायचे बूट

चमेलीबाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती स्लिपर बाहेर काढून. धुळ्याच्या देवपुरात बुटांचं दुकान चालवता चालवता माझे केस पिकले, पण बुटांच्या दुकानात अनवाणी शिरणारं गिऱ्हाईक पाहिलं की मला अजून हसू येतं. त्या दिवशी मात्र आलं नाही. माझी नजर तिच्या पायांवर गेली आणि तिथेच अडकली. बोटं एकमेकांना न शिवता पसरलेली, चवडा चांगला रुंद आणि टाच मात्र एखाद्या पोरीची असावी तशी निमुळती. असा पाय नंबराच्या पट्टीवर ठेवला की पुढचा भाग एक नंबर सांगतो आणि मागचा भाग दुसराच.

तिने गोणीतून एक जोड काढून काउंटरवर आदळला. काळे सेफ्टी बूट, पुढे लोखंडी वाटी, आठ नंबर.

"शेठ, मी चालस आनी ह्या बूट जागेवरच ऱ्हातस," ती म्हणाली. "बदली द्या."

"मी विकलेत का हे?"

"नही. ठेकेदारनी दिधात. बठ्ठासले आठ नंबर."

झालं, माझं डोकं फिरलं. टोळीतल्या झाडून सगळ्यांना आठ नंबर! माणसं म्हणजे काय पत्र्याचे डबे आहेत का, एका मापाचं झाकण सगळ्यांना बसवायला? मी तिला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं की हे बूट घालून नक्की करायचं काय आहे.

"झाडवर चढनं शे," ती म्हणाली.

मग सगळं कळलं. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. लहानपणापासून चिंच, मोह, तेंदू, जे दिसेल त्यावर चढत आलेली. उन्हाळा लागला की ती, नवरा प्रकाश, म्हातारी सासू आणि गावची आणखी काही माणसं धुळ्याला येतात आणि पांझरेच्या काठी पालं टाकतात. विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या छाटायचं काम त्यांचं. वर चढणार चमेलीबाई आणि खालून दोर धरणार प्रकाश. नवऱ्याने दोर धरायचा आणि बायकोने शेंड्यावर जायचं, याचं कुणाला नवल वाटलं तर प्रकाश म्हणायचा, "माले चक्कर येस भो, तिले नही येत." आणि विषय संपवायचा.

पण मागच्या हंगामात निलगिरीच्या गुळगुळीत खोडावरून तिचा पाय सटकला. दोराने ती वाचली, घोटा मात्र बेकार पिरगळला. तेव्हापासून तो पाय कधी धोका देईल याचा नेम राहिला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घोटा घट्ट धरून ठेवणारं काहीतरी हवं. आणि ठेकेदाराचा सुपरवायझर हितेंद्र म्हणून एक तरुण होता, त्याने निक्षून सांगितलं होतं: यंदा बूट घालून चढाल तरच वर जाल, नाहीतर खाली फांद्या गोळा करा. वर चढायला चाळीसगावहून माणूस आणतो.

"मी खाले ऱ्हाईसन पाला येचू?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. लगेच तिने ते पदराने पुसले आणि माझ्याकडे असं रागाने बघितलं, जणू मीच तिला खाली उभं केलंय.

मला ती बाई तिथेच आवडली. मी म्हटलं, "आत्ता नाही, संध्याकाळी या. दिवसभर काम करून पाय फुगला की खरं माप मिळतं. सकाळच्या पायाला घेतलेला बूट संध्याकाळी चावतो." हे मी सगळ्यांनाच सांगतो आणि निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात निघून जातात. ती संध्याकाळी बरोबर आली. सोबत प्रकाशही होता.

मग आमच्या दुकानात जो तमाशा सुरू झाला, तो बघायला गल्ली लोटली. बूट घालून चार पावलं चालून बघणं मला चालण्यासारखं नव्हतं. झाडावर माणूस चालतो कुठे? तो उभा राहतो. तळव्याच्या मधोमध फांदी रुतते आणि सगळं वजन तिथे येतं. मऊ तळाचा बूट तिथे वाकतो आणि अर्ध्या तासात पाऊल ठणकायला लागतं. म्हणून मी माळ्यावर जायची लोखंडी शिडी मधोमध लावली आणि चमेलीबाईला म्हटलं, "चढा. पायरीवर टाच नाही, चवडा नाही, मधला तळवा ठेवा. तशाच उभ्या राहा आणि मला गावाकडच्या गोष्टी सांगा."

ती शिडीवर उभी राहून मोहाच्या फुलांबद्दल सांगायची, मी खाली उभा राहून तिच्या पायाकडे बघायचो. एका बुटात टाच वर उचलली जाई. दुसऱ्यात बोटं आवळली जात. तिसऱ्याचा तळ इतका कडक, की तिला आपण कशावर उभे आहोत हेच कळेना.

"ह्याना आंगे मन्हा पाय आंधळा व्हई जास," ती म्हणाली.

हे मला मान्य होतं. घोटा धरायला हवा, तळवा उचलून धरायला हवा, टाच हलायला नको आणि तरी पायाला खालचं कळायला हवं. शिवाय पुढची वाटी लोखंडी नको. जमिनीवर ओंडके तोडणाऱ्याला ती हवीच, पण वर चढणाऱ्याला प्रत्येक पाऊल उचलावं लागतं. दिवस मावळेपर्यंत ते लोखंड त्याच्या मांड्यांत उतरतं. ती म्हणे हलका पाहिजे, मी म्हणे भक्कम पाहिजे. ती म्हणे पातळ, मी म्हणे जाड. आम्ही इतके भांडलो की प्रकाश मध्येच म्हणाला, "तुम्ही दोन्ही झाडवर जा, मी दुकान सांभायस."

शेवटी मी आग्र्याच्या कारखानदाराला फोन लावला. माझा अर्धा माल तिकडूनच हायवेने येतो. मी म्हटलं, पाच नंबर हवा, चवडा रुंद, टाच अरुंद, घोट्याच्या वर दोन बोटं जाईल इतका उंच, वाटी प्लॅस्टिकची, तळाला खोल खाचा, टाचेला कंगोरा. तो हसला आणि म्हणाला, बायकांसाठी असलं कोणी बनवत नाही. मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बूट आले.

कात्री शोधायलाही न थांबता पार्सल मी दातांनीच फोडलं, खोटं कशाला सांगू. मी तिला जाड सुती मोजे घालायला लावले. खालची लेस सैल आणि घोट्यापाशी करकचून अशी बांधून दिली. ती शिडीवर चढली. मग तिने दुखऱ्या पायावर सगळं वजन टाकलं, दुसरा पाय हवेत उचलला आणि वरूनच मला म्हणाली, "शेठ, घोटा कोनी हातमा धरेल शे असं वाटस." मी मान फिरवली. गिऱ्हाइकासमोर डोळे पुसणं धंद्याला बरं दिसत नाही.

हितेंद्रने परीक्षा ठेवली कॉलेज रस्त्यावरच्या एका जुन्या कडुनिंबावर. तारेवर झुकलेली एक जाड फांदी काढायची होती. लाइन बंद केलेली होती. मी दुकान बंद करून गेलो. माझे बूट चढणार होते, मी दुकानात कसा बसणार?

चमेलीबाई रस्त्याने ऐटीत आली. खोडापाशी थांबली, खाली बसली, लेस सोडली, दोन्ही बूट काढून बाजूला नीट ठेवले, झाडाला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी चढायला लागली.

"ओ बाई!" हितेंद्र ओरडला. "बूट!"

ती थांबली. खाली बघून म्हणाली, "दादा, पायताण झाडले कसं लावू?"

मी तर हबकलोच. "आणि इतके दिवस माझ्या शिडीवर नाचत होतात, तेव्हा नाही आठवलं?"

"शिडी काय जित्ती शे का?" ती म्हणाली.

हितेंद्र वाईट पोरगा नव्हता. मागच्या वर्षी ती पडली तेव्हा तिला उचलून दवाखान्यात नेणारा तोच होता. पण तो हटला नाही. "उद्या सकाळी बुटांसकट चढा," तो म्हणाला, "नाहीतर मी चाळीसगावला फोन करतो. पुन्हा तुम्हाला उचलायची माझी तयारी नाही." ती उतरली. उतरताना शेवटच्या पावलाला घोटा वाकला, आणि ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

मी भयंकर चिडलो होतो. पण चिडून घरी जाण्याऐवजी त्यांच्यामागे पांझरेच्या काठी गेलो. पालापुढे तिची सासू चारोळ्या निवडत बसली होती. आपापसात ही माणसं पावरी बोलतात, पण मी आहे म्हणून म्हातारी मला समजेल अशा बोलीवर आली. तिने सगळं ऐकलं. मग एक बूट हातात घेतला, उलटा केला आणि तळाच्या खाचांतून बोट फिरवलं.

"हाई घालीसन तू बजारमा जाशी?"

"नही," चमेलीबाई म्हणाली.

"वावरमा?"

"नही."

"मंग हाई पायताण कसं? जमीनवर चालस ते पायताण." म्हातारीने पालाच्या खांबाला टेकवलेली कुऱ्हाड दाखवली. "ती झाडले लागस तधळ आपन काय करतस? पूजतस. हाऊ बी हत्यारच शे. पन हत्यारगत ठेव. जमीनले लावू नको."

इतकं साधं! पण आज ते बूट भर रस्त्याने चालून आले होते. म्हातारीने फर्मान काढलं की आधी धुवायचे. चमेलीबाईने बादली उचलली तसा मी ओरडलो, "पाण्यात नाही! कातडं जाईल!" आणि तिच्या हातातून बूट ओढून घेतले. मग मीच मांडी घालून ओल्या फडक्याने आणि काडीने एकेक खाच कोरून काढली, धुळीचा कण ठेवला नाही. म्हातारी शेजारी बसून तपासत होती. तिला एक खडा सापडला, तो तिने मला दाखवला आणि दात नसलेल्या तोंडाने हसली. बुटांना हळदकुंकू लागलं, कुऱ्हाडीला लागलं, दोराला लागलं आणि शेवटी म्हातारीने माझ्याही कपाळाला लावलं.

सकाळी कडुनिंबाखाली कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. चमेलीबाई स्लिपर घालून आली. बूट प्रकाशच्या खांद्यावर कुऱ्हाडीशेजारी लटकत होते. त्याने खोडाला लागून कोरी गोणी अंथरली. ती गोणीवर बसली, बूट चढवले, लेस आवळली. उठून तिने झाडाला हात लावला, कपाळाला लावला, आणि गोणीवरून पाऊल उचललं ते थेट खोडावर. जमीन मध्ये आलीच नाही.

पहिल्या दोन पावलांना मी गर्दीतून पुढे सरकलो. तळ सालीला धरतोय का, टाचेचा कंगोरा अडतोय का, मला दुसरं काही दिसत नव्हतं. मग ती बेचक्यात पोचली. दुखऱ्या पायावर भार देऊन तिने दुसरा पाय वर फेकला. घोटा हलला नाही. तसूभरही हलला नाही! मी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड दाबून धरला, त्यानेही तो धरू दिला.

फांदीवर ती मधल्या तळव्यावर उभी राहिली. दोर गुंडाळला, प्रकाशला खूण केली आणि कोयता चालवला. वरून एकेक डहाळी येत गेली. मग करवत. जाड फांदी कडकडली, दोराला लोंबकळली आणि प्रकाशने ती तारेला न शिवू देता अलगद जमिनीवर उतरवली. रस्त्यावर टाळ्या पडल्या, रिक्षावाल्यांनी भोंगे वाजवले. काम संपेपर्यंत तिने एकदाही पाय बदलून विसावा घेतला नव्हता.

हितेंद्र हसत होता. चाळीसगावचा फोन काही लागणार नव्हता, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. तोंडाला हात लावून तो ओरडला, "झालं, चमेलीबाई! पास तुम्ही! दिसलं मला, उतरा आता!"

वर ती फांदीवर ताठ उभी होती, एका हाताने दोर धरून. अख्खं देवपूर तिला तिथून दिसत असणार. ती मोठ्याने हसली.

"तुम्हले दिसनं व्हई, दादा," तिने वरून सांगितलं. "वरीस झायं मी खाले शे. माले आज पोटभर चढू द्या."

आणि ती शेंड्याकडे निघाली.